१९६९ ची कॅमॅरो की जुना सी-१० पिकअप? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटच्या वुडवर्ड अव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते. १९९५ पासून भरतेय. फर्नडेलपासून पॉन्टिअ‍ॅकपर्यंत रस्त्याकडेला खुर्च्या टाकून लोक बसतात, आपली मराठी मंडळीही डबे घेऊन येतात, आणि पुढच्या आठवड्यात माझा फोन वाजायला लागतो. "आपणही एक घ्यावी म्हणतोय. पण कार घेऊ की पिकअप?" तीच तीच उत्तरं देऊन तोंड दुखलं, म्हणून एकदाच लिहून काढली. माझ्याकडे १९७० चा सी-१०, म्हणजे शेव्हरोलेचा पिकअप, आहे, तेव्हा थोडा पक्षपात होणार. तो लपवत नाही.

१. मसल कार म्हणजे नेमकं काय? कॅमॅरोला मसल कार म्हटलं की काही लोक भांडायला का उठतात?

मध्यम आकाराची, साध्या घरातली कार घ्यायची आणि तिच्यात थोरल्या गाडीचं इंजिन बसवायचं, हे मूळ सूत्र. १९६४ साली जनरल मोटर्सच्या पॉन्टिअ‍ॅकने टेम्पेस्ट लेमाँमध्ये ३८९ घनइंचाचं व्ही-८ (आठ सिलेंडरचं इंजिन) घालून 'जीटीओ' काढली. खरं तर मध्यम गाडीत ३३० घनइंचापेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही, असा जनरल मोटर्सचा घरचाच नियम होता. जॉन डिलोरिअन तेव्हा पॉन्टिअ‍ॅकचे मुख्य इंजिनिअर. त्यांच्या चमूने जीटीओ हे वेगळं मॉडेल न करता लेमाँवरचा 'ऑप्शन' म्हणून विकायला काढली आणि नियमाला बगल दिली. पहिल्याच वर्षी ३२,४५० गाड्या गेल्या, मग नियमाची आठवण कुणाला राहते!

कॅमॅरो याहून लहान. फोर्डची मस्टँग एप्रिल १९६४ मध्ये आली, तिला उत्तर म्हणून जनरल मोटर्सच्याच शेव्हरोलेने सप्टेंबर १९६६ मध्ये, १९६७ चं मॉडेल म्हणून, कॅमॅरो आणली. या वर्गाला 'पोनी कार' म्हणतात, आणि कर्मठ मंडळी दोन्ही वर्ग सोवळ्यात वेगळे ठेवतात. माझं मत: कॅमॅरोची जोरदार आवृत्ती म्हणजे ३९६ घनइंची 'एसएस' ही मसल कार आहे, 'झेड/२८' रेसिंगच्या घराण्यातली असली तरी चालेल, आणि सहा सिलेंडरची कॅमॅरो ही सुंदर कार आहे, पण मसल कार नाही.

२. आणि 'कस्टम पिकअप' म्हणजे? जुना असला की झाला का कस्टम?

नाही. कारखान्यातून जसा निघाला तसा असेल तर तो 'स्टॉक'. कुणीतरी त्याची उंची उतरवली, इंजिन बदललं, हौदा आखूड केला, आतली गादी नव्याने शिवली, म्हणजे तो एका माणसाच्या मनासारखा झाला, की कस्टम.

इथे मी १९६७ ते १९७२ या पिढीच्या शेव्हरोले सी-१० बद्दल बोलतोय. नावाची फोड सोपी आहे: 'सी' म्हणजे फक्त मागच्या चाकांना ताकद, 'के' म्हणजे चारही चाकांना, १० म्हणजे अर्ध्या टनाचा वर्ग, २० पाऊण टनाचा, ३० एक टनाचा. हौद्याचे दोन प्रकार. 'फ्लीटसाइड'च्या बाजू बाहेरून सपाट असतात. 'स्टेपसाइड'चे मडगार्ड हौद्याच्या बाहेर फुगलेले असतात आणि पुढे पाय ठेवायला पायरी असते. दोन्ही आखूड आणि लांब अशा मापांत मिळत. चाकांमधलं अंतर आखुडाचं ११५ इंच, लांबाचं १२७. शेतकरी लांब घ्यायचा, आज सगळ्यांना आखूड हवा. या बारा इंचांनी पुढे बरेच घोळ घातलेत (प्रश्न ९).

३. पण कार आणि पिकअपची तुलनाच कशी करता? हे म्हणजे घोडा की बैल असं झालं.

घोडा आणि बैल खरेच, पण गोठा एकच. शेव्हरोलेचं 'स्मॉल ब्लॉक' व्ही-८ हे इंजिन १९५५ साली २६५ घनइंचांपासून सुरू झालं आणि वाढत वाढत ३५० पर्यंत आलं. १९६९ साली तेच ३५० कॅमॅरोत बसत होतं आणि सी-१० मध्येही. गियरबॉक्सची घराणी सामायिक, दुकानदार तेच, मेकॅनिकही तोच. घेणाऱ्याचा खिसासुद्धा पुष्कळदा सारखाच असतो.

फरक आहे तो तुम्ही पैसे कशाचे मोजता यात. अस्सल कॅमॅरो घेताना तुम्ही कागद विकत घेता: ती कारखान्यातून कशी निघाली आणि आज किती तशीच आहे याचा पुरावा. कस्टम पिकअप घेताना तुम्ही कुणाचे तरी हात विकत घेता: वेल्डिंग कसं केलंय, वायरिंग कसं ओढलंय. पहिल्या ठिकाणी वकिलाच्या नजरेने बघायचं, दुसऱ्या ठिकाणी मिस्त्रीच्या. लोक नेमकं उलटं करतात.

४. जास्त पळते कोणती?

कारखान्याच्या अवस्थेत तुलनाच नाही, कॅमॅरो. एसएस ३९६ ची कागदावरची ताकद ३२५ ते ३७५ हॉर्सपॉवर होती. झेड/२८ चं ३०२ घनइंची इंजिन कागदावर २९०, पण ट्रान्स-अ‍ॅम शर्यतीच्या पाच लिटरच्या मर्यादेत बसावं म्हणून बनवलेलं हे इंजिन त्यापेक्षा बरंच जास्त देतं हे तेव्हाही सगळ्यांना ठाऊक होतं. रॉजर पेन्स्कीच्या संघाकडून मार्क डोनह्यू यांनी १९६८ आणि १९६९ च्या ट्रान्स-अ‍ॅममध्ये कॅमॅरोला विजेतेपद मिळवून दिलं ते याच जोरावर.

पिकअपची अडचण इंजिनाची नाही, वजनाच्या वाटपाची. मागचा हौदा रिकामा, म्हणजे मागची चाकं हलकी. पाय दाबला की टायर जागच्या जागी फिरतात, धूर निघतो, पोरं टाळ्या वाजवतात आणि गाडी मागे राहते. कस्टमवाल्याने आधुनिक इंजिन, रुंद टायर आणि नीट सस्पेन्शन टाकलं असेल तर मात्र चित्र पालटतं. असे सी-१० मी स्टॉक कॅमॅरोच्या पुढे निघालेले पाहिलेत, आणि कॅमॅरोवाल्याचं तोंडही पाहिलंय.

५. १९६९ च्या गाडीला ३०० हॉर्सपॉवर आणि १९७२ च्या त्याच इंजिनाला २००? तीन वर्षांत काय झालं?

दोन वेगळ्या गोष्टी झाल्या आणि लोक त्या एकत्र करतात. कॅमॅरो एसएसचं ३५० इंजिन घ्या: १९६९ मध्ये ३००, १९७१ मध्ये २७०, १९७२ मध्ये २००. पहिली घट खरी. कमी शिशाच्या पेट्रोलवर चालावं म्हणून १९७१ मध्ये जनरल मोटर्सने इंजिनांचं कॉम्प्रेशन उतरवलं. दुसरी घट मुख्यतः मोजपट्टीची. तोवर इंजिन बाकड्यावर उघडं ठेवून, पंखा, अल्टरनेटर, सायलेन्सर काहीही न जोडता मोजत. तो 'ग्रॉस' आकडा. १९७२ पासून गाडीत असतं तसं सगळं जोडून मोजायला लागले, तो 'नेट'. म्हणून १९७२ च्या पिकअपचा आकडा १९६९ च्या कारच्या आकड्याशेजारी ठेवून "अरे, हा तर मेलेला आहे" असं म्हणू नका.

६. रोज ऑफिसला नेता येईल का? हायवेवर कशी चालते?

नेता येते, कान आणि पाकीट तयार असेल तर. मूळ कॅमॅरोत ओव्हरड्राइव्ह (हायवेवर इंजिनाच्या फेऱ्या कमी ठेवणारा वरचा गियर) नाही. मागच्या अ‍ॅक्सलचा रेशो ३.७३ आणि टायर २६ इंची असेल तर ताशी ७० मैलांना इंजिन सुमारे ३,४०० फेऱ्यांवर असतं. अर्धा तास मजा वाटते, मग शेजारी बसलेलं माणूस बोलायचं थांबतं. ०.७० च्या ओव्हरड्राइव्हचा गियरबॉक्स बसवलेल्या गाडीत तेच इंजिन त्याच वेगाला २,४०० च्या आत येतं. कस्टम पिकअपमध्ये हा बदल बहुधा आधीच झालेला असतो. कॅमॅरोत केला तर कागदाचं काय होतं ते प्रश्न ११ मध्ये.

ब्रेकचंही पाहा. १९७१ पासून सी-१० ला पुढे डिस्क ब्रेक कारखान्यातूनच आले. त्याआधी चारही ड्रम. उतारावर दोनदा जोरात दाबल्यावर तिसऱ्यांदा देवाचं नाव. १९७० किंवा आधीचा घेत असाल तर पुढची डिस्क बसवलेली आहे का, हा माझा पहिला प्रश्न असतो. कॅमॅरोच्या एसएस आणि झेड/२८ ला पुढे डिस्क होते, साध्या कॅमॅरोला जास्तीचे पैसे भरले तर. आणखी एक खूण: १९७० पर्यंतच्या सी-१० च्या चाकाला सहा बोल्ट, १९७१ पासून पाच. सत्तरच्या गाडीला पाच बोल्ट दिसले, की कुणीतरी खाली हात घातलेला आहे.

७. आई-बाबा भारतातून येतायत, दोन मुलं आहेत. कुणाला बसवता येईल?

आईंना साडीत कॅमॅरोत बसवणं हा कार्यक्रम आहे. गाडी बुटकी, दार लांबलचक, आणि मागच्या सीटवर जायचं तर पुढची सीट वाकवून आत शिरावं लागतं. स्टॉक उंचीच्या सी-१० मध्ये वर चढावं लागतं, उतरवलेल्या सी-१० मध्ये खुर्चीत बसल्यासारखं बसता येतं. माझ्या आईने पिकअपला पसंती दिली, "यात समोरचं सगळं दिसतं" म्हणून.

मुलांच्या बाबतीत मात्र मी दोन्ही गाड्यांना नाहीच म्हणतो. पिकअपला एकच बाकडं, मागे सीट नाही, आणि मूळ पट्टा फक्त कमरेचा. १९६८ पासून अमेरिकेत कारच्या पुढच्या सीटला खांद्याचा पट्टा सक्तीचा झाला, पिकअपला ती सक्ती नव्हती. वर, या पिढीच्या सी-१० ची पेट्रोलची टाकी केबिनच्या आत, सीटच्या पाठीमागे असते. पाठीला टेकून पेट्रोल! कस्टमवाले ती काढून मागे चासीमध्ये, हौद्याखाली नेतात. माझ्या मते ही या गाडीतली सगळ्यात शहाणी सुधारणा आहे. कॅमॅरोला मागची सीट आहे, पण आजची बालखुर्ची अडकवायचे हुक त्या काळात नव्हतेच.

८. गंज नेमका कुठे पाहू? विकणारा म्हणतो "एकदम सॉलिड आहे."

सगळेच म्हणतात. आमच्याकडे मिशिगनमध्ये हिवाळाभर रस्त्यावर मीठ पडतं आणि ते पत्रा आतून खातं. म्हणून टेक्सास-अ‍ॅरिझोनाच्या कोरड्या मुलखातल्या गाडीला लोक जास्त पैसे मोजतात.

आधी रचना समजून घ्या. कॅमॅरोला सलग चासी नाही. शरीराचा पत्राच भार पेलतो आणि फक्त पुढे एक अर्धी चासी बोल्टने जोडलेली असते. म्हणजे कॅमॅरोत पत्रा गंजला तर हाड गंजलं. मागच्या काचेची खालची कड पाहा, विशेषतः छतावर व्हिनाइल असेल तर, कारण त्याखाली पाणी महिनोन्‌महिने बसून राहतं. ते झिरपून डिकीचा तळ खातं. मग मागच्या चाकांभोवतीचा पत्रा, पायाखालचा तळ, मागचे पाटे जिथे पुढच्या टोकाला अडकतात ते कप्पे, आणि वायपरखालची पोकळी. ही शेवटची जागा सगळ्यात वाईट, कारण बाहेरून दिसत नाही. बादलीभर पाणी काचेच्या बुडाशी ओता आणि आत पायाशी ओल येते का बघा. विकणारा नको म्हणाला तर उत्तर मिळालं.

सी-१० ला खालून सलग शिडीसारखी चासी आहे, त्यामुळे केबिनचा पत्रा सडला तरी गाडी उभी राहते. हाच धोकाही आहे, कारण सडका पत्रा झाकून चकचकीत रंग मारणं सोपं जातं. केबिनचे मागचे खालचे कोपरे, दाराखालचा उंबरठा, छताची पन्हळ, पुढच्या मडगार्डची खालची टोकं आणि केबिन चासीवर जिथे टेकते ते पाय तपासा. हौद्याच्या लाकडी फळ्यांची काळजी करू नका, त्या बदलता येतात.

लोहचुंबक सोबत न्या (पत्र्याला चिकटतं, पुट्टीला नाही), पातळ कापडात गुंडाळून, म्हणजे रंगाला ओरखडा नको. माझ्या पहिल्या पिकअपला मी ते केलं नाही. विकणाऱ्याने दाखवलेल्या फोटोंवर भाळलो आणि घरी आणल्यावर केबिनच्या कोपऱ्यात बोटभर जाड लांबी, म्हणजे पुट्टी, निघाली, तिच्या आत चक्क वर्तमानपत्राचा बोळा. तारीख वाचता येत होती.

९. कस्टम पिकअप तपासताना आणखी काय पाहायचं?

खाली झोपा. खरंच, चटई न्या आणि गाडीखाली झोपा. वरून सगळे पिकअप छान दिसतात.

मागची उंची फार उतरवली, की अ‍ॅक्सल वर उचलला जाऊन चासीवर आदळतो. त्याला जागा करायला चासीच्या पट्टीत चंद्रकोरीसारखा खाच कापतात आणि भोवती जाड प्लेट वेल्ड करतात किंवा बोल्टने बसवतात. प्लेट आहे का, वेल्ड सलग आहे की मध्येमध्ये ठिपके, पट्टीला तडा आहे का, हे बघा. कापून नुसतंच सोडलेलं दिसलं तर चहा पिऊन घरी या.

दुसरं, आखूड केलेला लांब हौदा. आखूड गाडीला भाव जास्त, म्हणून लांब चासीतून बारा इंच कापून जोडतात. नीट केलं तर यात गैर काही नाही, पण मग भाव मूळ आखुडाचा मागू नये. हातमोज्याच्या कप्प्याच्या झाकणाच्या आत कारखान्याचा स्टिकर असतो. त्यावरच्या मॉडेल आकड्यात १०७ असेल तर जन्मतः आखूड, १०९ असेल तर लांब. स्टिकर नसेल तर चासीवरची जोडाची रेघ शोधा.

तिसरं वायरिंग. फ्यूज बॉक्सजवळ चिकटपट्टी गुंडाळलेल्या तारांचं जंजाळ दिसलं तर किमतीतून नव्या हार्नेसचे पैसे वजा करा. हवेच्या फुग्यांवरचं सस्पेन्शन असेल तर गाडी संध्याकाळी उंच उभी करून या आणि सकाळी पाहा. रात्रीत बसली असेल तर कुठेतरी गळती आहे.

जीएमसीचा (जनरल मोटर्सचाच दुसरा ट्रकचा ब्रँड) जुळा भाऊ दाखवला तर एक लक्षात ठेवा: शेव्हरोलेच्या सी-१० ला मागे गुंडाळी स्प्रिंग ही नेहमीची पद्धत, जीएमसीच्या अर्ध्या टनाला पाटे. उतरवायला आणि बसायला गुंडाळीवाला सोपा.

१०. समोरची कॅमॅरो खरी एसएस किंवा झेड/२८ आहे हे कसं ओळखू?

या एका प्रश्नावर लोकांची घरं गहाण पडलीत, म्हणून सावकाश.

गाडीवर कारखान्याने ठोकलेल्या क्रमांकावरून, म्हणजे व्हीआयएनवरून, हे कळत नाही. १९६९ च्या कॅमॅरोचा व्हीआयएन एवढंच सांगतो की गाडी व्ही-८ होती की सहा सिलेंडरची (१२४ ने सुरू झाला तर व्ही-८, १२३ तर सहा), बॉडी कुठली, साल कुठलं, आणि कारखाना ओहायोतला नॉरवुड की कॅलिफोर्नियातला व्हॅन नाइज. एसएसचा बिल्ला, पट्टे, बॉनेट हे सगळं आज नवं कोरं विकत मिळतं. कुठल्याही व्ही-८ कॅमॅरोला शनिवार-रविवारात 'एसएस' करता येतं.

पुरावा तीन ठिकाणी शोधतात. इंजिन आणि केबिन यांच्या मधल्या पत्र्यावरची, म्हणजे फायरवॉलवरची, छोटी पाटी: डिसेंबर १९६८ पासून नॉरवुडच्या पाट्यांवर 'एक्स' कोड आहे, आणि एक्स-३३ किंवा एक्स-७७ म्हणजे झेड/२८. व्हॅन नाइजच्या पाट्यांवर हा कोडच नाही, त्यामुळे तो नसणं हा पुरावा नव्हे. दुसरी जागा इंजिन: उजव्या बाजूला, सिलेंडर हेडच्या पुढे, एका सपाट पट्टीवर इंजिनाचा कोड, तारीख आणि गाडीच्या क्रमांकाचा शेवटचा भाग ठोकलेला असतो. तिथे कारखान्याच्या यंत्राच्या बारीक समांतर रेघा दिसायला हव्यात. पट्टी आरशासारखी गुळगुळीत आणि आकडे ताजे असतील तर कुणीतरी घासून पुन्हा ठोकलेत. तिसरी जागा म्हणजे कागद: कारखान्याची 'बिल्ड शीट', मूळ विक्रीची पावती, वॉरंटीची पत्रिका. अमेरिकेत विकलेल्या शेव्हरोलेंच्या अशा नोंदी कंपनीकडून मागवून मिळत नाहीत. कॅनडात पाठवलेल्या गाड्यांच्या मात्र जनरल मोटर्स कॅनडाकडून मिळतात. म्हणून 'कॅनेडियन' गाडीवर नाक मुरडू नका.

हे सगळं ज्याला वाचता येतं असा माणूस पैसे देऊन बरोबर न्या. ती फी सगळ्यात स्वस्त पडते.

११. कॅमॅरोत नवीन एलएस इंजिन बसवलेलं आहे. घेऊ का?

एलएस हे १९९७ च्या कॉर्व्हेटपासून आलेलं नव्या पिढीचं व्ही-८: हलकं, कमी पेट्रोल पिणारं, थंडीत पहिल्या चावीला सुरू होणारं. जुनी बॉडी आणि नवं काळीज अशा गाडीला 'रेस्टोमॉड' म्हणतात. चालवायची असेल तर जरूर घ्या. पण मग ती तपासायची रीत प्रश्न ९ ची, १० ची नाही: ती आता पिकअपच्या पंगतीत बसली. अट एकच, खऱ्या झेड/२८ चं मूळ इंजिन काढून हे बसवलं असेल तर ते इंजिन कोपऱ्यात जपून ठेवलंय का आणि व्यवहारात मिळतंय का, विचारा. साध्या ३०७ घनइंची कॅमॅरोत एलएस बसवला तर मला काडीचंही दुःख होत नाही.

१२. फिकट रंग, थोडा गंज, दारावर कुठल्यातरी दुकानाचं पुसट नाव. अशा पिकअपला लोक जास्त पैसे का देतात?

याला 'पॅटिना' म्हणतात. पन्नास वर्षांचं ऊन खाऊन आलेली ती छटा पुन्हा बनवता येत नाही, असं मानतात. बनवतातही! स्पंज, मिठाचं पाणी, वर लॅकरचा थर, आणि दारावर कधीच अस्तित्वात नसलेल्या दुकानाचं नाव. खरं ओळखायची युक्ती: ऊन वरून पडतं, म्हणून खऱ्या गाडीचं छत आणि बॉनेट सगळ्यात फिकट असतं, दाराच्या आतल्या कडा गडद. सगळीकडे सारखीच फिकट असेल तर ती मेकअप करून आलीय.

१३. गुंतवणूक म्हणून कोणती बरी?

निवृत्तीचा पैसा यात घालू नका. एवढं सांगतो: पुराव्यासकट असलेल्या खऱ्या कॅमॅरोला गिऱ्हाईक कायम असतं. कस्टम पिकअपवर खर्च केलेला पैसा विकताना क्वचितच पूर्ण परत येतो, कारण तुमची हौस ही दुसऱ्याची हौस नसते. म्हणून कस्टम स्वतः बनवण्यापेक्षा दुसऱ्याने बनवलेला, त्याला कंटाळा आल्यावर घ्यावा. विमा दोन्हींना 'ठरलेल्या किमतीचा' घ्या. साध्या विम्यात कंपनी जुनी गाडी म्हणून घसारा लावते.

१४. सुटे भाग मिळतात का?

दोन्हींचे मिळतात, भरपूर. १९६९ च्या कॅमॅरोची तर अख्खी नवी पत्र्याची बॉडी परवान्याने बनते. आता प्रश्न १० पुन्हा वाचा.

१५. पेट्रोल कोणतं घालायचं? शिसं नसलेलं चालतं का?

झेड/२८ सारख्या ११:१ कॉम्प्रेशनच्या इंजिनाला पंपावरचं सगळ्यात वरच्या ऑक्टेनचं लागतं, तरी टायमिंग सांभाळावं लागतं. पिकअपचं ३०७ साध्या पेट्रोलवर खूश असतं. शिशाचा प्रश्न व्हॉल्व्हच्या बैठकीच्या झिजेचा आहे. इंजिन कधी उघडलं असेल तर कठीण पोलादाच्या बैठका बहुधा बसवून घेतलेल्या असतात, आणि महिन्यातून दोनदा फिरवणाऱ्याने झोप उडवून घेऊ नये. खरा त्रास इथेनॉलचा. जुने रबरी पाइप त्याने मऊ पडतात, कार्बोरेटरमध्ये चिकटा बसतो. पाइप नवे घाला आणि हिवाळ्यात गाडी ठेवताना टाकीत स्टॅबिलायझर टाका.

१६. प्रदूषण चाचणी आणि नंबरप्लेटचं काय?

राज्याराज्यात वेगळं. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना धुराची चाचणी माफ, त्यामुळे या दोन्ही सुटतात. मिशिगनमध्ये जुन्या गाडीला 'हिस्टॉरिक' प्लेट स्वस्तात मिळते, पण ती घेतली की गाडी प्रदर्शन, परेड, क्लबचे कार्यक्रम यांनाच न्यायची. ऑगस्ट महिन्यात मात्र कुठेही फिरवायला मोकळीक असते. वुडवर्डच्या महिन्यातच!

१७. परत पुण्याला जायचा विचार आहे. गाडी सोबत नेता येईल?

आयातीचे नियम आणि शुल्क हे वेगळं प्रकरण आहे, त्यासाठी परदेशी व्यापार महासंचालनालयाची ताजी अधिसूचना वाचा. नोंदणीचं सांगतो, कारण इथे आपल्या दोन गाड्यांच्या वाटा कायमच्या फुटतात. २०२१ मध्ये केंद्राने 'व्हिंटेज' वाहनांसाठी नियम केले: पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली गाडी, 'व्हीए' अक्षरांची वेगळी मालिका, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवायची नाही. आणि मेख अशी की गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. जपलेली कॅमॅरो या व्याख्येत बसू शकते. चासी कापलेला, इंजिन बदललेला सी-१० बसत नाही. त्याशिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलात बदल करायला आडवं येतंच.

जाता जाता: जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला होता, तो १९५४ मध्ये बंद झाला. म्हणून त्याआधीच्या शेव्हरोले जुन्या मुंबईकरांना आठवतात, पण कॅमॅरो आणि या पिढीचा सी-१० त्या वाटेने आपल्याकडे कधी आलेच नाहीत.

१८. एल कॅमिनो ही कार की पिकअप?

दोन्ही, आणि म्हणून या पानाला डोकेदुखी. शेव्हेल या मध्यम कारचा पुढचा अर्धा भाग, मागे हौदा. १९७० मध्ये ती ४५४ घनइंची, ४५० हॉर्सपॉवरच्या इंजिनासह मिळत होती, म्हणजे फाळका असलेली अस्सल मसल कार. तपासताना पुढून प्रश्न १० वापरा, मागून प्रश्न ८.

डॉजचा १९७८ चा 'लिल रेड एक्सप्रेस' हा दुसरा अपवाद. केबिनमागे ट्रकसारखे दोन उभे सायलेन्सर, लाकडी पट्ट्या, आणि जड पिकअपना कारइतके कडक धुराचे नियम नव्हते त्याचा फायदा घेऊन मोकळं सोडलेलं ३६० घनइंची इंजिन. मसल कार थकल्या त्या वर्षांत हा पिकअप त्यांना भारी पडत होता.

१९. दसऱ्याला पूजा कशी करावी? हळद-कुंकू लावलं तर रंग खराब होतो का?

होतो. कॅमॅरोला त्या काळी अ‍ॅक्रिलिक लॅकर मारत आणि तो जुना थर ओली हळद पिऊन टाकतो. स्वस्तिक कागदावर काढून तो काचेवर ठेवा, झेंडूचा हार बंपरला बांधा, बॉनेटवर नको. पिकअपला ही कटकट कमी. आमच्याकडे गणपती विसर्जनाला मूर्ती माझ्याच सी-१० च्या हौद्यातून जाते, गुलालासकट, आणि हौदा दुसऱ्या दिवशी पाइपने धुतला की झालं.